अंबडमधील नोकरी संपत आली आहे: लिंक्डइनवर ओळख काढणे म्हणजे वशिला लावणे का?

अंबड_क्वालिटी यांचा प्रश्न

नमस्कार.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका पुरवठादार कारखान्यात सात वर्षांपासून गुणवत्ता विभागात काम करतो. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर लाइन इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि आता क्वालिटी इंजिनिअर आहे. आमच्याकडे वाहनांसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियम कास्टिंगचे मशीनिंग होते. सीएमएम या मोजणी यंत्रावरील मोजमाप, ग्राहकाच्या तक्रारींवरील ८डी अहवाल (दोषाचे कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल) आणि नव्या नगांची पीपीएपी कागदपत्रे (उत्पादनाआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रे) ही माझी रोजची कामे आहेत. गेल्या महिन्यात व्यवस्थापनाने आम्हाला एकत्र बोलावून सांगितले की मुख्य ग्राहकाचे काम दुसऱ्या राज्यात हलत असल्यामुळे आमची लाइन तीन महिन्यांत बंद होईल. त्यांनी ही गोष्ट वेळेवर सांगितली याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, परंतु घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी यंदाच पहिलीत गेली आहे आणि आई-वडिलांना सोडून नाशिकबाहेर जाणे सध्या शक्य नाही.

लिंक्डइनवर माझे खाते २०१९ पासून आहे, पण ते मी कधी उघडून पाहत नव्हतो. गेल्या पाच आठवड्यांत रोज रात्री जेवणानंतर बसून मी तेथे आणि नोकरीच्या इतर संकेतस्थळांवर मिळून ११४ अर्ज केले. दोन ठिकाणांहून उत्तर आले. एक जागा चाकणची निघाली, आणि दुसऱ्यांनी फोनवर पाच मिनिटे बोलून पुढे काहीच कळवले नाही. बाकीचे अर्ज कोणी उघडले तरी असतील का, हेही मला ठाऊक नाही.

मित्र म्हणतात की अर्ज करत बसू नकोस, लोकांना थेट संदेश पाठव, ओळखी वाढव. येथे माझे मन अडते. माझे वडील सरकारी छापखान्यात नोकरीला होते. त्यांनी आयुष्यात कोणाकडे वशिला लावला नाही आणि आम्हा भावंडांसाठीही कधी कोणाकडे शब्द टाकला नाही. ज्या माणसाशी चार वर्षांत एकदाही बोललो नाही, त्याला आता गरज पडल्यावर संदेश पाठवणे मला लाजिरवाणे वाटते. शिवाय माझे इंग्रजी कामापुरते आहे. अहवाल लिहिता येतो, पण तेथे लोक ज्या थाटात लिहितात तसे मला जमणार नाही. सध्याच्या साहेबांना माझी खटपट दिसेल का, हीही एक शंका आहे.

नाशिकमध्ये या मार्गाने प्रत्यक्ष नोकरी मिळालेल्यांनी किंवा माणसे निवडणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सिन्नर_एचआर यांचे उत्तर

नमस्कार. मी सिन्नरजवळील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात अकरा वर्षे आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते सांगते.

आम्ही एखादी जागा लिंक्डइनवर टाकतो तेव्हा दोन दिवसांत दोनशे-अडीचशे अर्ज येतात. एका बटणावर अर्ज जात असल्यामुळे त्यांत कापड दुकानातील विक्रेत्यापासून संगणक अभियंत्यापर्यंत सगळे असतात. मी एकटी ते पाहते, आणि त्याच दिवशी मला हजेरी, ठेकेदारांची बिले आणि उपाहारगृहाच्या तक्रारीही पाहायच्या असतात. पहिल्या साठ-सत्तर अर्जांत तीन योग्य माणसे सापडली की मी त्यांना फोन लावते आणि उरलेले अर्ज तसेच राहतात. तुमचे ११४ अर्ज नाकारले गेले असे समजू नका, बहुतेक ठिकाणी ते उघडलेच गेले नसतील. जाहिरात पडल्याच्या पहिल्या दिवशी केलेल्या अर्जाला अर्थ असतो, आठवड्याने केलेल्याला फारच थोडा.

मात्र आमचे निम्मे काम अर्जांच्या उलट दिशेने चालते. जागा जाहीर न करता मी स्वतः शोध घेते. शोधताना मी पदाचे नाव, दोन-तीन कौशल्ये, गाव आणि अनुभवाची वर्षे टाकते. तुमच्या प्रोफाइलवर ते शब्द नसतील तर तुम्ही कितीही चांगले असा, माझ्या पडद्यावर येणारच नाही. आपल्याकडील मुले येथेच चुकतात. नावाखालच्या ओळीत 'नव्या संधीच्या शोधात' असे लिहितात, जे मी कधीही शोधत नाही. त्या ओळीत २२० अक्षरे मावतात. तुमच्या प्रश्नात जे लिहिले आहे त्यावरून, आणि वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक म्हणजे आयएटीएफ १६९४९ जोडून, मी ती अशी लिहीन: 'क्वालिटी इंजिनिअर, ॲल्युमिनियम कास्टिंगचे मशीनिंग, सीएमएम, पीपीएपी, ८डी, आयएटीएफ १६९४९, नाशिक'. ही ओळ इंग्रजीत लिहा, कारण शोध इंग्रजी शब्दांनी घेतला जातो. तिच्यात एकही क्रियापद नाही, म्हणजे तुम्हाला वाटणाऱ्या इंग्रजीच्या भीतीला तेथे जागाच नाही.

त्याखालच्या परिचयात आकडा द्या. 'गुणवत्ता सुधारली' या वाक्यावरून मला काहीच कळत नाही. 'एका नगाच्या बोअरमध्ये (आतील छिद्रात) राहणाऱ्या बरमुळे (धातूच्या खरबरीत कडेमुळे) महिन्याला चाळीस नग परत येत होते, इन्सर्ट (यंत्राचे कापणारे टोक) बदलण्याची वारंवारता ठरवून दिल्यावर ते सहावर आले' असे लिहिले तर आमचे गुणवत्ता प्रमुख स्वतः म्हणतात की या मुलाला बोलवा. परिचयाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात आणि बाकीचा मजकूर दाबल्यावर उलगडतो, म्हणून तो आकडा सुरुवातीलाच यायला हवा. ठिकाण 'नाशिक' असेच ठेवा. पुण्याची नोकरी मिळेल या आशेने अनेक जण तेथे पुणे टाकतात आणि सिन्नर, गोंदे, दिंडोरीच्या शोधातून आपोआप बाहेर पडतात.

नोकरी शोधत असल्याची खूण करण्याची जी सोय आहे तिचे दोन प्रकार आहेत. एकात छायाचित्राभोवती हिरवी चौकट येते आणि ती सर्वांना दिसते. दुसऱ्यात ती माहिती फक्त भरती करणाऱ्यांना दिसते. आपल्याच कंपनीच्या भरती विभागाला ती दिसू नये अशी व्यवस्था लिंक्डइन करते, पण त्याची पूर्ण हमी देत नाही. तुमच्या साहेबांनीच लाइन बंद होणार असल्याचे सांगितले आहे, तेव्हा तुम्हाला लपवण्याचे कारण नाही. ज्यांना लपवायचे असेल त्यांनी प्रोफाइल दुरुस्त करण्याआधी बदलांची सूचना इतरांना जाण्याची सोय सेटिंगमधून बंद करावी, नाहीतर एका रात्रीत केलेल्या दहा दुरुस्त्या सगळ्या विभागाला दिसतात.

आणखी एक काम या आठवड्यातच करा. तुमच्या विभागप्रमुखांना लिंक्डइनवर शिफारशीच्या चार ओळी लिहिण्याची विनंती करा. लाइन बंद झाली की माणसे पांगतात, आणि सहा महिन्यांनी त्यांना तुमच्या कामातील बारकावे आठवत नाहीत.

सातपूर_निवृत्त यांचे उत्तर

आपण वशिल्याचा जो प्रश्न उपस्थित केला आहे, त्यावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो प्रश्न मलाही तरुणपणी छळत असे. मी सातपूरमध्ये ३४ वर्षे काढली आणि त्यांतील शेवटची बारा वर्षे पुरवठादारांची गुणवत्ता तपासण्याचे काम केले. या काळात माझ्याकडे दोन प्रकारची माणसे आली.

वशिला लावणारा माणूस म्हणे, 'हा आमचा आहे, याला घ्या.' काम येते की नाही हे पाहण्याचा माझा अधिकारच तो काढून घेई. दुसरा माणूस म्हणे, 'याचे काम मी दोन वर्षे पाहिले आहे, तुम्हीही एकदा पाहा.' तो माझ्या हाती माहिती देई आणि निर्णय माझ्याकडेच ठेवी. पहिल्याला मी नेहमी टाळले, दुसऱ्याचा मी आजही ऋणी आहे, कारण माझ्या विभागातील सर्वांत चांगली तीन माणसे मला त्याच्यासारख्यांनी दाखवली. आपल्या वडिलांनी जो मार्ग नाकारला तो पहिला होता. आपण एखाद्याला लिहून 'माझे काम आपण पाहिले आहे, आपल्या माहितीत जागा असल्यास मला कळवावे' असे म्हटले, तर त्यात कोणाचा हक्क हिरावला जात नाही.

चार वर्षांत न बोललेल्या माणसाला लिहिण्याची आपल्याला लाज वाटते, पण अशीच माणसे या कामात सर्वांत उपयोगी पडतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडले होते की जवळच्या मित्रांना साधारण तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते, आणि नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीतून. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षे झालेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. अगदी अनोळखी नव्हे आणि अगदी जवळचीही नव्हे, अशी काही समान ओळखी असलेली माणसे नोकरी बदलताना सर्वाधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासातील एक निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. दूरच्या ओळखींचा हा लाभ संगणकाधारित उद्योगांत अधिक दिसला, तर ज्या उद्योगांत डिजिटल कामाचे प्रमाण कमी आहे तेथे जवळच्या ओळखी अधिक कामी आल्या. आपले क्षेत्र दुसऱ्या गटाकडे झुकणारे आहे. म्हणून हैदराबादच्या एखाद्या भरती सल्लागाराला संदेश पाठवण्यात रात्री घालवू नका. ज्यांनी आपल्याला यंत्रापाशी उभे राहून काम करताना पाहिले आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

अशी माणसे आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत. एक कागद घ्या आणि सात वर्षांत आपल्या विभागात बाहेरून कोण कोण आले ते आठवा. ग्राहकाचे पुरवठादार-गुणवत्ता अभियंते आले असतील, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिटर आले असतील, कार्बाइड इन्सर्ट विकणारे प्रतिनिधी आले असतील. गेज आणि मायक्रोमीटर ही मोजणीची साधने कॅलिब्रेशनसाठी (अचूकता तपासण्यासाठी) नेणाऱ्या प्रयोगशाळेचा माणूस तर नक्कीच आला असेल. या शेवटच्या माणसाला आपण कारखान्यात चहा देतो आणि विसरतो. पण तो महिन्याभरात अंबड, सातपूर, मुसळगाव आणि गोंदे येथील वीस-पंचवीस गुणवत्ता विभागांत बसून येतो. कोणाचा सीएमएम ऑपरेटर सोडून गेला, कोठे नवी लाइन येते आहे, कोणाचे ऑडिट तोंडावर आहे आणि माणसे अपुरी आहेत, हे त्याला जाहिरातीच्या दोन महिने आधी कळलेले असते. नाशिकची घडणच अशी आहे. महिंद्रा आणि बॉश यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती पुरवठादारांचे जाळे विणले गेले, आणि त्या जाळ्यात फिरणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. लिंक्डइनचा उपयोग आपल्याला एवढाच करायचा आहे की त्यांतील जे दुरावले, ज्यांचे भ्रमणध्वनी बदलले, जे एका कंपनीतून दुसरीत गेले, त्यांना पुन्हा शोधून काढायचे.

संदेश कसा लिहावा, याचा एक नमुना देतो. आपल्याला तो मराठीत लिहायला संकोच नको. ज्या माणसाशी आपण कारखान्यात मराठीत बोललो, त्याला इंग्रजीत लिहिणेच अवघड दिसते.

'नमस्कार सर. २०२१ च्या पावसाळ्यात आपण आमच्या कारखान्यात पंप हाउसिंगच्या पीपीएपीसाठी आला होतात आणि गळतीच्या चाचणीची पद्धत आपण मला समजावून दिली होती. ती आम्ही अजून वापरतो. आमची लाइन येत्या तीन महिन्यांत बंद होत आहे, म्हणून मी नाशिक परिसरात गुणवत्ता विभागातील काम शोधत आहे. आपल्या माहितीत कोठे गरज असल्यास कृपया सांगावे. नसल्यास काही हरकत नाही, आपल्याशी पुन्हा संपर्क झाला याचा आनंद आहे.'

यात कोठे भेटलो हे आहे, काय हवे हे आहे, आणि नाही म्हणायला वाट आहे. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. वाट नसली की सज्जन माणूस उत्तरच देत नाही, कारण त्याला नाही म्हणणे जड जाते. संदेशासोबत बायोडाटा जोडू नका. त्याने मागितला की त्याच दिवशी पाठवा.

एक तांत्रिक सूचनाही करतो. आपल्या बायोडाटात कोठे 'टीएस १६९४९' राहिले असेल तर ते काढा. त्याची जागा २०१६ मध्येच आयएटीएफ १६९४९ ने घेतली आहे, आणि जुने नाव दिसले की वाचणाऱ्याला वाटते की या माणसाने तेव्हापासून कागद उघडून पाहिलेला नाही.

अंबड_क्वालिटी

आपण दोघांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री कागद घेऊन बसलो. मला वाटले होते आठ-दहा नावे होतील, पण ती ४७ झाली. कॅलिब्रेशनचे काका तर माझ्या फोनमध्येच होते, मी त्यांचे नाव 'गेज' म्हणून साठवले होते. आणि हो, बायोडाटात टीएस १६९४९ तसेच होते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लिंक्डइनवर अधूनमधून काही लिहावे असे सगळे सांगतात. आमच्यासारख्यांनी तेथे काय लिहायचे? दुसरे म्हणजे, आज दुपारी मला एका नामांकित वाहन कंपनीच्या नावाने व्हॉट्सॲपवर निवडपत्र आले आहे. मुलाखत न घेताच पगार आत्ताच्या दीडपट लिहिला आहे आणि गणवेश व ओळखपत्रासाठी ३,८०० रुपये परत मिळणारी अनामत मागितली आहे. पत्रावर कंपनीचे बोधचिन्ह आहे. मला संशय येतो आहे, पण घरी सगळे म्हणतात की निदान विचारून तरी पाहा.

पंचवटी_२४ यांचे उत्तर

कृपया एक रुपयाही पाठवू नका. माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी अगदी असेच पत्र आले होते. आधी गणवेशाचे, मग वैद्यकीय तपासणीचे, मग प्रशिक्षणाच्या लॅपटॉपचे असे करत त्याच्याकडून १६,५०० रुपये घेतले गेले. प्रत्येक वेळी 'पहिल्या पगारात परत' हेच शब्द होते. तो चार दिवस कोणाशी बोलला नाही आणि त्या चार दिवसांत पैसे परत मिळण्याची शक्यता निघून गेली. फसवणूक झाली तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

खरी कंपनी कामगाराकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही. पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आले आहे का ते पाहा, आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून विचारा, पत्रातील क्रमांकावर नव्हे. आखाती देशातील नोकरीचे पत्र आले तर त्या एजंटची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी आहे का हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. घरच्यांना माझ्या भावाची गोष्ट सांगा.

इंदिरानगर_लेखा यांचे उत्तर

काय लिहायचे या प्रश्नाला माझ्या अनुभवातून उत्तर देते. माझे क्षेत्र वेगळे आहे, पण अडचण तुमच्यापेक्षा अवघड होती, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखी चालू नोकरीच नव्हती.

मी लेखापाल आहे. मार्च २०१७ मध्ये मुलीच्या जन्माच्या वेळी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला. म्हणजे मी ज्या व्हॅट आणि उत्पादन शुल्काच्या नोंदी करत होते, ते सारे माझ्या पाठीमागे तीन महिन्यांत इतिहासजमा झाले. २०२२ मध्ये पुन्हा नोकरी शोधू लागले तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न हाच असे की जीएसटी प्रत्यक्ष केला आहे का. मी नाही म्हणत असे आणि मुलाखत तेथेच संपत असे. लिंक्डइनने त्याच वर्षी कामातील खंड उघडपणे नोंदवण्याची सोय दिली होती. ती मी वापरली, आणि ती पाच वर्षे लपवण्याची धडपड थांबल्यानेच मला पुष्कळ मोकळे वाटले.

मग मी घरी बसून शिकू लागले आणि जे शिकले ते दर रविवारी थोडक्यात मराठीत लिहू लागले. खरेदीच्या नोंदी आणि २बी विवरण (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी संकेतस्थळावर तयार होणारे विवरण) जुळत नाही तेव्हा सर्वांत आधी काय तपासावे, पुरवठादाराने विवरण उशिरा भरले तर खरेदीवर भरलेल्या कराची आपली वजावट का अडकते, असे छोटे विषय असत. लिंक्डइनवर पहिले दोन महिने पाच-सहा जणांखेरीज कोणी वाचले नाही. तोच मजकूर मी नाशिकच्या लघुउद्योजकांच्या एका फेसबुक गटात टाकू लागले आणि तेथे चित्र बदलले. अंबड आणि सातपूरमधील वर्कशॉपचे मालक मराठी वाचतात. त्यांना इंग्रजी परिपत्रक समजून सांगणारे कोणीतरी हवेच होते. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेले बिल) बंधनकारक होणार होते. त्याच्या तीन आठवडे आधी मी त्यावर एक टिपण लिहिले. त्याखाली एका मालकांनी प्रश्न विचारला, मी उत्तर दिले, त्यांनी पुन्हा विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की आमच्याकडे येऊन दोन दिवस हे करून द्याल का. दोन दिवसांचे काम झाले आणि महिनाअखेर त्यांनी मला कायम केले. माझा बायोडाटा त्यांनी रुजू झाल्यानंतर मागितला.

म्हणून तुम्ही प्रेरणादायी विचार किंवा यशोगाथा लिहू नका. तुमच्यासारख्याच माणसाला उद्या सकाळी शिफ्टमध्ये उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा. मोजमाप दोन इन्स्पेक्टरांचे वेगळे का येते, ॲल्युमिनियमचा नग मशीनवरून काढल्याबरोबर गरम असताना मोजला तर काय होते, असे विषय तुमच्या बोटांवर असतील. एक सावधगिरी मात्र ठेवा. नगाचे छायाचित्र, ग्राहकाचे नाव किंवा ड्रॉइंगचा क्रमांक कधीही टाकू नका. माझ्या ओळखीच्या एका अभियंत्याने नव्या यंत्रासोबत हौसेने फोटो टाकला आणि मागच्या टेबलावर ग्राहकाचे ड्रॉइंग उघडे पडलेले दिसत होते. त्याच्या कंपनीला ग्राहकापुढे लेखी खुलासा करावा लागला.

अंबड_क्वालिटी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. ते निवडपत्र बनावट होते. कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर विचारल्यावर त्यांनी लगेच सांगितले. पंचवटी_२४ यांच्या भावाची गोष्ट मी आईला वाचून दाखवली.

४७ पैकी ३१ जण लिंक्डइनवर सापडले. रोज तीन, असे करत सर्वांना वेगवेगळा संदेश लिहिला. एकच मजकूर सगळ्यांना पाठवणे मनाला पटले नाही. १९ जणांची उत्तरे आली, म्हणजे ११४ अर्जांना मिळालेल्या उत्तरांपेक्षा कितीतरी जास्त. बहुतेकांनी जागा नसल्याचेच कळवले, पण दोघांनी स्वतःहून दुसऱ्या कोणाचे तरी नाव दिले, आणि ज्यांना लिहिताना मला सर्वांत जास्त संकोच वाटला होता त्या पूर्वीच्या ग्राहक अभियंत्यांनी अर्धा तास फोनवर बोलून माझ्या बायोडाटातील चुका सांगितल्या. वडिलांना हे सारे सांगितले. ओळख आणि वशिला यांतील फरक त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले की संदेश मला एकदा वाचून दाखव. दाखवला. त्यांनी एक शब्द बदलला, बाकी तसाच ठेवला.

कॅलिब्रेशनच्या काकांना मात्र लिंक्डइनची गरजच पडली नाही. ते गेज न्यायला आले तेव्हा समोरासमोर विचारले. त्यांनी गोंद्याच्या एका कारखान्याचे नाव सांगितले. तेथील गुणवत्ता प्रमुखांना मी लिंक्डइनवर शोधले, काकांचा उल्लेख करून लिहिले, आणि येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाला त्यांनी बोलावले आहे. त्यांनी येताना माझा एखादा ८डी अहवाल सोबत आणायला सांगितला आहे. ग्राहकाचे नाव आणि नगाचा क्रमांक काळ्या शाईने खोडून नेला तर चालेल का?

सातपूर_निवृत्त

खोडूनही नेऊ नका, तो कागद आपल्या सध्याच्या कंपनीचा आहे. कोऱ्या कागदावर तीच समस्या आठवून नव्याने लिहा: दोष काय होता, कारण कसे शोधले, कोणत्या शंका चुकीच्या ठरल्या आणि उपाय टिकला हे कशावरून ठरवले. आकृती हाताने काढा आणि मापे बदला. प्रमुखांनी मूळ अहवाल का आणला नाही असे विचारले तर हेच कारण सांगा. मी त्यांच्या जागी असतो तर ते उत्तर ऐकूनच निम्मा निर्णय केला असता.

अंबड_क्वालिटी

समजले. आज दुसरी पाळी आहे, घरी पोहोचायला साडेअकरा होतील. उद्या सुट्टी आहे, सकाळी बसून बोअरमधील बरचाच अहवाल नव्याने लिहितो.